जाळीआड सांगितलेले

फाल्गुनात कालव्याकाठचा तो मुलूख पिवळा पडतो. पीतपर्ण कडुनिंब, पीतधूसर पायवाट आणि तिच्यावर पसरलेले पीतकोमल ऊन. तोडणी झालेल्या उसाच्या फडांत पाचट जळत असते. त्याचा गोडूस, कडवट धूर मिशनच्या शाळेच्या कौलांवरून सरकत येतो, प्रार्थनामंदिराच्या माथ्यावरल्या क्रूसाला एक वळसा घालतो आणि शेतांकडे निघून जातो. वारा आला की पाने झडतात. वारा पडला तरी झडतात. अंगण झाडणाऱ्या मुली या दिवसांत अगदी कावून जातात.

राखेचा बुधवार होऊन गेला होता. ईस्टरआधीचा उपवासकाळ आला होता, मौनमंथर, म्लानमुख, मंद पावलांचा. वेदीवरची फुले गेली होती, गाण्यांतला आनंदघोष गेला होता, आणि फादरांच्या अंगावर जांभळा झगा आला होता. जांभळा तसा देखणा रंग, पण दहावीच्या वर्गाला यंदा तो डोळ्यांत खुपत होता. पश्चात्तापाचा रंग आहे तो, आणि वर्गाला पश्चात्ताप करण्याजोगे पुष्कळ होते.

ही मुले पाचवीत आली तेव्हा ट्रंका मोठ्या आणि मुले लहान होती. बाप उसाच्या फडात, आई दुसऱ्याच्या बांधावर. नावे बायबलातली, आडनावे गावकुसाबाहेरची. याकोब पाटोळे आला तो आजोबांचा सदरा घालून. सुवार्ता त्रिभुवन आली ती सगळी प्रार्थना तोंडपाठ करून, आणि कुणी विचारले नाही म्हणून रुसली. आणि रिबका साळवे आली ती एकटीच, मोटारस्टँडापासून चालत, कारण तिला पोहोचवायला येण्याइतकी सवड मावशीला नव्हती. आईबाप तिला नव्हतेच. त्या पहिल्या संध्याकाळी वसतिगृहाच्या ओसरीवर सगळी पोरे रांगेने रडली. रिबका तेवढी रडली नाही. ती रडणाऱ्यांना पाणी देत हिंडली.

वर्षे आली, वर्षे गेली. घंटेवर उठणे, घंटेवर जेवणे, घंटेवर गुडघे टेकणे. बाजरीची भाकरी आणि पातळ डाळ, कालव्यावरचे धुणे, नाताळच्या गोठ्यासाठी कडब्याची चोरी, आणि त्या चोरीबद्दल बाळ येशूचीच क्षमायाचना. हिवाळ्यातली धुके ओढून बसलेली प्रभात, उन्हाळ्यातली तापतापून पांढरी पडलेली दुपार. सारी वर्षे सारखीच, आणि तरी एकेका वर्षाने मुले बोटभर उंच होत गेली. सदऱ्यांच्या बाह्या आखूड झाल्या. आवाज फुटले. वेण्या लांबल्या. आणि या साऱ्या वर्षांच्या कडेकडेने रिबका वावरत राहिली, कुणाचे बटण लावीत, कुणाचा ताप उतरवीत, कुणाची भांडणे मिटवीत. वर्ग तिला थट्टेने ‘मावशी’ म्हणे. थट्टा खरी, पण अंगात कणकण भरली की मावशीशिवाय कुणाचे पान हलत नसे.

तिला नर्स व्हायचे होते. शहरातल्या मिशनच्या इस्पितळात दहावीनंतर मुली घेत. राहायला जागा, दोन वेळचे जेवण, पांढराशुभ्र पोशाख, आणि शिकून झाले की नोकरी. मात्र शाळेच्या मुख्याध्यापिका, सिस्टर फिलोमिना, यांनी शब्द टाकायला हवा. शब्द टाकला तर इस्पितळ. नाही टाकला तर मावशीचे घर, आणि मावशीने पाहून ठेवलेला, बायको मेलेला मुकादम. रिबकाच्या आयुष्याला एवढ्या दोनच वाटा होत्या, आणि त्या जिथे फुटत तिथे सिस्टर उभ्या होत्या.

सिस्टर वाईट नव्हत्या. हे सांगून ठेवलेले बरे, कारण पुढे त्यांचा राग येईल. त्या ताठ होत्या, एकट्या होत्या, आणि त्यांचा जीव एका मूर्तीवर होता.

प्रार्थनामंदिरामागे काळ्या दगडांची एक गुहा रचलेली होती, आणि गुहेत मरियामाऊली उभी होती. नीलवसना, नतनयना, करुणार्द्र ओठांची, एक हात हृदयाशी आणि दुसरा पुढे केलेला. कुणी पडले तर उचलून घ्यावे असा तो हात. मूर्ती चुन्याच्या लेपाची, फार जुनी. पूर्वीच्या सिस्टरांनी ती बैलगाडीतून गवतात गुंडाळून आणली होती. सिस्टर फिलोमिना रोज स्वतःच्या हाताने तिच्यावरची धूळ पुसत. दुसऱ्या कुणाला त्या फडके लावू देत नसत.

आणि त्याच पुढे केलेल्या हाताला दहावीची मुले गाठी मारीत.

ही रीत कुणी सुरू केली ठाऊक नाही. मोठ्यांनी धाकट्यांना कानात सांगितलेली, मोठ्या माणसांपासून लपवलेली रीत. परीक्षेच्या आधी मुलींनी केसांतली लाल रिबीन आणि मुलांनी हातरुमाल माऊलीच्या मनगटाला बांधायचा, मनातले मागायचे, आणि दोन दिवसांनी कुणाच्या नकळत सोडून आणायचा. यांच्या आज्या पिराच्या दर्ग्यात दोरे बांधीत, मरीआईच्या लिंबाला चिंध्या बांधीत. देव बदलला, बोटांना गाठीची सवय राहिली. सिस्टरांना या प्रकाराचा मनस्वी तिटकारा. ‘ती आई आहे, तिच्याशी बोला. तिला बांधता कशाला?’ असे त्या प्रत्येक वर्षी बजावीत. पोरे माना डोलावीत, आणि दुपारच्या निजानीज वेळेला गुहेकडे पळत.

यंदा सगळ्या वर्गाने एकाच दुपारी गाठी मारल्या. गाठीवर गाठ, रिबिनीवर रिबीन, रुमालावर रुमाल. कुणी घट्ट ओढली, कुणी हात धरून वर चढले, याकोब तर अक्षरशः लोंबकळला. जुना लेप आतून कधीच भेगाळला होता. रिबका सर्वांत शेवटी आली, कारण ती तोवर एका आजारी मुलीपाशी बसली होती. बाकीचे वळणापलीकडे पोहोचलेही नव्हते. तिने आपली रिबीन हलकेच गुंडाळली, आणि माऊलीचा हात कोपरापासून काडकन सुटून तिच्या ओंजळीत आला.

मुलांनी आवाज ऐकला आणि झाडांआडून पाहिले. पाहिले सगळ्यांनी. प्रार्थनामंदिराच्या दारातून सिस्टर निघाल्या आहेत हेही पाहिले.

रिबकाला पळता आले असते. तिने काय केले? ती खाली बसली, आणि मांडीवरल्या त्या तुटक्या हातावरून एकेक रिबीन, एकेक रुमाल झपाझप सोडवू लागली. वसतिगृहात कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकाच्या वस्तूवर दोऱ्याने आकडा घातलेला असे. सिस्टरांच्या हाती ती चिंध्यांची जुडी लागली असती तर वर्गातला एकही सुटला नसता. रिबकाने सगळे काढले, परकराच्या ओच्यात कोंबले, आणि सिस्टर समोर आल्या तेव्हा तिच्यापाशी फक्त तो हात होता. पांढरा, निश्चेष्ट, बोटे अजून पुढेच केलेली.

‘कुणी केलं हे?’

‘माझ्या हातनं तुटला, सिस्टर.’

‘वर चढली होतीस? कशासाठी? कोण होतं बरोबर?’

रिबका गप्प राहिली. सिस्टरांना त्या गप्प राहण्यात मग्रुरी दिसली. दुखावलेल्या माणसाला गप्प बसणारा माणूस नेहमी मग्रूरच दिसतो, त्याला इलाज नाही. कोण होते ते सांगेपर्यंत रिबकाने वर्गाबाहेरच्या ओसरीवर बसून अभ्यास करावा, निरोपाच्या समारंभात तिला जागा नाही, आणि इस्पितळात आपण शब्द टाकणार नाही, असे त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकले.  मग त्यांनी तो हात पदराने पुसला आणि उचलून नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाच्या उशाशी ज्याची त्याची रिबीन, ज्याचा त्याचा रुमाल होता. धुतलेला, घडी घातलेला. वर्गाने ते निमूटपणे ट्रंकेत टाकले.

मग सुरू झाले ओसरीचे दिवस. खिडकीच्या आत वर्ग, खिडकीच्या बाहेर रिबका. आत भूमितीची प्रमेये, बाहेर पाचोळ्याची सळसळ. ऊन तिच्या पायांवर येई, गुडघ्यांवर चढे, पुस्तकावर पसरे. ती तसूभर सरके, ऊन पुन्हा तिला गाठी. मधल्या सुट्टीत मुले तिच्या अंगावरून जात. कुणी शेंगदाणे ठेवी, कुणी नुसतेच थबके. तिने कधी काही मागितले नाही, कधी काही विचारले नाही. तेच फार जड जात होते. तिने एखादी शिवी हासडली असती तर पोरांना बरे वाटले असते.

वर्ग भित्रा होता म्हणावे, तर प्रत्येकाला भीतीचे कारण होते. कुणाला सिस्टरांच्या शब्दावर पुण्याच्या वसतिगृहात जागा मिळायची होती, कुणाच्या धाकट्या बहिणीला पाचवीत घ्यायचे होते. सुवार्ताला तर अध्यापिका विद्यालयात जायचे होते, आणि तिच्यासाठी सिस्टरांनी शब्द टाकलासुद्धा होता. पण तिला झोप लागत नव्हती. आणि शेवटी तिलाच युक्ती सुचली.

शुक्रवारी परीक्षेआधीचे पापनिवेदन होते. जाळीआड बसलेल्या फादरांपाशी एकेकाने गुडघे टेकून आपली पापे सांगायची. सुवार्ताने सगळ्यांना कडुनिंबाखाली गोळा केले.

‘फादरांना सांगायचं. एकेकानं जायचं आन् म्हणायचं, माऊलीचा हात मी तोडला. खोटं थोडंच आहे? प्रत्येकाची गाठ होतीच की.’

‘आन् मंग?’ याकोबने विचारले.

‘मग फादर सिस्टरांना सांगतील. सगळा वर्गच म्हणतोय म्हटल्यावर सिस्टर कुणाकुणाला शिक्षा करणार? रिबका सुटेल.’

‘फादर हाणतील?’

‘जाळीतून कसे हाणतील रे, येड्या!’

पोरे हसली. त्या दिवसांतले ते पहिले हसणे. आणि एवढ्या हुशार पोरींना, एवढ्या बेरकी पोरांना, धर्माच्या प्रश्नोत्तरांत पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्या त्या अख्ख्या वर्गाला एक साधी गोष्ट आठवली नाही. अगदी लहानपणी, पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या आधीपासून घोकलेली गोष्ट. जाळीआड ऐकलेले फादरांच्या ओठांबाहेर कधी येत नाही. राजाने विचारले तरी नाही, गळ्यावर सुरी ठेवली तरी नाही. सुवार्ताने याच प्रश्नाचे उत्तर धर्मशिक्षणाच्या स्पर्धेत खणखणीत आवाजात देऊन बक्षीस मिळवले होते. पण पाठ असलेले सगळे वेळेवर आठवतेच असे नाही, आणि मुलांना फार आशा लागली होती.

फादर रेमंड वसईकडचे. गोरेपान, मऊ बोलणारे, दम्याने वाकलेले. ते जाळीआड बसले. बाहेर दुपार पेटली होती, आत सावली होती, मेणाचा आणि जुन्या लाकडाचा वास होता. पहिला गुडघा टेकला गेला. पहिला आवाज कापला.

‘फादर, माऊलीचा हात मी तोडला.’

फादर चमकले. त्यांनी मुलाला धीर दिला. दुसरा आला, तिसरी आली, चौथी आली. तेच पाप, तेच शब्द, तोच कापरा सूर. फादरांना आधी हसू आले. मग त्यांना सारे उमगले. मग ते हसू मावळले, कारण मुलांनी कोणत्या आशेने आपला जड दगड फादरांच्या ओंजळीत आणून ठेवला तेही त्यांना उमगले. ती ओंजळ आता मरेपर्यंत मिटलेली राहणार होती. त्यांना एवढेच करता येण्याजोगे होते, आणि ते त्यांनी प्रत्येकाशी केले.

‘बाळा, मला सांगितलंस ते सिस्टरांना सांगायचं धैर्य देवाकडे माग. जाशील त्यांच्याकडे?’

‘हो फादर,’ प्रत्येकाने म्हटले. प्रत्येकाने प्रायश्चित्ताच्या प्रार्थना म्हटल्या. प्रत्येकजण बाहेर उन्हात आला आणि दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडाकडे पाहू लागला. सगळ्यांनी सांगितलेच आहे, आता एकट्याने आणखी जायचे कशाला? संध्याकाळी मुले हलकी झाली होती, जेवली होती, गात होती. रिबकाकडे पाहून सुवार्ता डोळ्यांनी हसली. रिबकाला काही कळले नाही, पण तीही हसली.

शनिवार गेला, रविवार गेला. सिस्टर काही बोलल्या नाहीत. फादरही बोलले नाहीत. रिबका ओसरीवरच होती.

निरोपाचा दिवस सोमवारी उजाडला. नववीच्या मुलांनी सभागृहाला कागदी पताका लावल्या होत्या, केळीचे खांब रोवले होते, चुलवणावर लापशी चढवली होती. भिंतीवर रंगीत खडूने लिहिले होते, ‘ताई-दादांना शुभेच्छा’. दहावीच्या मुली इस्त्रीच्या साड्यांत आल्या, आयांच्या, काकूंच्या, शेजारणींच्या. मुलांनी केसांना इतके तेल लावले होते की कपाळे चमकत होती. आणि खिडकीबाहेर, ओसरीच्या खांबाला टेकून, रोजच्याच गणवेषात रिबका बसली होती. सभागृहाचे दार उघडे होते. तिला आतले सारे ऐकू येत होते.

या शाळेत निरोपाला भाषणे नसतात. प्रत्येक मुलाने उभे राहून एक आठवण सांगायची, बस्स. सिस्टर पुढे खुर्चीवर होत्या, शेजारी फादर.

पहिला शलमोन उठला. तो विहिरीजवळच्या पायरीवरून घसरला होता आणि त्याचे डोके फुटले होते, तेव्हाची आठवण. ‘आणि मग... मग कुणीतरी आपल्या ओढणीनं जखम बांधली,’ तो म्हणाला, आणि खाली बसला. दुसरी उठली, तिला पहिल्या वर्षी घरची फार आठवण येई, ‘तेव्हा एक मुलगी मला रोज गोष्ट सांगायची.’ तिसरा उठला. नाताळच्या नाटकात तो संवाद विसरला होता, ‘पडद्यामागून कुणीतरी सांगितलं म्हणून निभावलं.’ याकोब उठला. कांजिण्यांत सगळे त्याच्यापासून लांब पळत होते. ‘एकीनं मला लिंबाचा पाला आणून दिला. रोज,’ एवढे बोलून तो थांबला, आणि त्याचे तेलकट कपाळ घामाने डवरले.

कुणीतरी. एक मुलगी. कुणीतरी. एकीने. आठवणीमागून आठवण येत होती, आणि प्रत्येक आठवणीच्या मधोमध एक नाव गाळलेले होते. सहा वर्षांच्या साऱ्या मायेला एकच चेहरा होता आणि तो चेहरा खिडकीबाहेर खांबाला टेकून ऐकत होता. मुलांना ते कळत होते. कळूनही जीभ वळत नव्हती. नववीची धाकटी पोरे टाळ्या वाजवीत होती, आणि टाळ्या ऐकून बोलणाऱ्याची मान आणखी खाली जात होती.

सुवार्ता उठली.

तिने वहिनीची मोरपंखी साडी नेसली होती, आणि तिच्याकडे एक छान आठवण तयार होती. ती बोलण्यासाठी तोंड उघडणार तोच तिची नजर फादरांकडे गेली. आता तरी बोला, असे त्या नजरेत होते. आता नाही तर केव्हा? फादरांनी तिच्याकडे पाहिले नाही. ते आपल्या चपलांकडे पाहत होते. त्यांचे दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकले होते, ओठ मिटले होते, इतके मिटले होते की कडेने पांढरे पडले होते. आजारी माणूस कळ सोसताना बसतो तसे ते बसले होते.

आणि सुवार्ताला आठवले. राजाने विचारले तरी नाही. गळ्यावर सुरी ठेवली तरी नाही.

 म्हणजे कुणी सांगितलेलेच नव्हते. कुणी सांगणारही नव्हते. एवढे दिवस ज्या शब्दांच्या भरवशावर ती जेवली, झोपली, हसली, ते शब्द जाळीपलीकडे पडले होते आणि तिथेच राहणार होते. तिला शरम वाटली, अशी शरम तिला पूर्वी कधी वाटली नव्हती. बसावे, गुपचूप बसून टाकावे, असेही वाटले. समोर सिस्टर होत्या. सिस्टरांच्या हातात तिचे अध्यापिका विद्यालय होते.

‘बोल ना, सुवार्ता,’ सिस्टर मायेने म्हणाल्या. ती त्यांची लाडकी होती.

‘सिस्टर, माझ्या सगळ्या आठवणींत रिबका आहे,’ सुवार्ता म्हणाली. ‘यांच्या पण आहे. यांनी नाव नाही घेतलं. माऊलीचा हात तिनं एकटीनं नाही तोडला. आम्ही सगळ्यांनी गाठी मारल्या होत्या. मी तर फार ओढून मारली होती. ती शेवटी आली म्हणून तिच्या हातात आला.’



‘आम्ही म्हणजे कोण?’ सिस्टरांचा आवाज अगदी हळू होता.

‘मी. सुवार्ता त्रिभुवन.’

मग बाक करकरला. ‘मी बी, सिस्टर. याकोब पाटोळे. मी लोंबकाळलो व्हतो.’ मग शलमोन. मग मागून कुणी, मग डावीकडून कुणी. शुक्रवारी जे शब्द सावलीत, मेणाच्या वासात, तोंड न दाखवता इतके सहज निघाले होते, ते आता उन्हात, नावासकट, धडपडत बाहेर येत होते. सगळे उठले नाहीत. हेही सांगायला हवे. काहीजण बाकाला घट्ट धरून बसून राहिले, आणि त्यांना कुणी उठवले नाही. फादरांनी मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. पण नवल वाटल्यासारखा चेहरा करणे त्यांना भाग होते, आणि बिचाऱ्यांना ते काही नीट जमले नाही.

 सिस्टरांचे ताठ खांदे एकाएकी म्हातारे दिसू लागले. चिडायला त्यांना आता मूर्तीचा हात पुरेना. एका निरपराध पोरीला आपण रोज उन्हात बसवले, हे त्यांच्यापुढे उभे राहिले होते. त्या उठल्या, स्वतः दारापर्यंत चालत गेल्या.

‘रिबका, आत ये बाळ. चुकले मी. उद्याच इस्पितळात जाते, शब्द टाकते तुझ्यासाठी.’

रिबका दारात आली. पाठीमागून ऊन, त्यामुळे तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. तिने सिस्टरांना हात जोडले. मग तिने वर्गाकडे पाहिले. उभ्या असलेल्यांकडे पाहिले, बसलेल्यांकडे पाहिले. सुवार्ता पुढे धावली होती, ती मध्येच थांबली.

‘रिबे, आम्ही फादरांना सांगितलं होतं गं. शुक्रवारीच. आम्हाला वाटलं...’

‘फादरांना,’ रिबका म्हणाली. ती रागावलेली नव्हती. रागावलेली असती तर सुवार्ताने तिचे पाय धरले असते. ‘मी तर खिडकीशीच होते, सुवार्ता. रोज.’

 नववीच्या मुलांनी लापशी वाढली. रिबका जेवायला बसली, तिने याकोबच्या पानात कमी पडलेला गूळ आपल्या पानातला वाढला, सवयीने. सगळे जेवले. गोड होते. फारसे कुणालाच गेले नाही.

तिसऱ्या प्रहरी गावातला फोटोवाला आपला तीन पायांच्या तिकाटण्यावरचा कॅमेरा घेऊन आला. शाळेच्या पश्चिमेच्या भिंतीपुढे, पांढऱ्याफेक चुनेगच्ची भिंतीपुढे, वर्ग ओळींनी उभा राहिला. उंच मागे, ठेंगणे पुढे, मध्ये खुर्च्यांवर सिस्टर आणि फादर. साड्यांचे पदर सारखे झाले, सदऱ्यांच्या कॉलरी सारख्या झाल्या. उतरते ऊन समोरून आले, सुवर्णस्निग्ध, संथ, साऱ्यांच्या तोंडावर सारखेच. रिबका मागच्या ओळीत होती आणि सुवार्ता तिच्या शेजारी. सहा वर्षे त्या अशाच शेजारी शेजारी उभ्या राहिल्या होत्या.

‘जवळ सरका जरा, पोरींनो,’ फोटोवाल्याने काळ्या कापडाखालून सांगितले. ‘तुम्ही दोघी. आणखी जवळ.’

सुवार्ता सरकली नाही. तिला तो आपला हक्क वाटेना. रिबकाही सरकली नाही. मागच्या भिंतीवर मुलांच्या सावल्या पडल्या होत्या, खांद्याला खांदा, डोक्याला डोके, एकमेकींत मिसळलेल्या, एकच लांब काळोखी रांग. तिच्यात एकाच ठिकाणी फट होती. त्या फटीतून ऊन आत शिरले, भिंतीला टेकले, आणि फोटोवाला ‘हसा’ म्हणाला तेव्हा सगळे हसले, आणि ती उन्हाची उभी रेघ त्या दोघींच्या मधोमध तशीच राहिली, पिवळी, बारीक, गप्प.